आत्माराम हवालदारांची सभ्य झडती

आत्माराम शिगवण हवालदार मूळचे गुहागरकडचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं हातखंब्याच्या आतल्या बाजूच्या वाड्यांमधून फिरण्यात गेलेली. त्यांच्या तपासाची सगळी हत्यारं घशात होती. वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर उभं राहून त्यांनी "कोण हाय रे घरात!" अशी हाक दिली की खालच्या वाडीतली माणसं, केलं नसेल तेही कबूल करायच्या तयारीने बाहेर येत. घशाने भागलं नाही तर हात होताच. कायद्याचं पुस्तकही होतं, पण ते कपाटात. कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि साहेब रत्नागिरीत.

मग नवा कायदा आला. सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं गेलं. झडती का घ्यायची त्याचं कारण आधी लिहायचं, दोन पंच घ्यायचे, घरच्या माणसाला समोर उभं करायचं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं मोबाईलवर चित्रित करून लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. आत्मारामांच्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं: आपल्याला आता न्यायाधीश बघणार.

थोड्याच दिवसांत गुरुप्रसादशेटच्या पोफळीच्या बागेतला पाण्याचा पंप नाहीसा झाला. शेट गावातलं वजनदार माणूस. त्यांनी तक्रारीत सरळ नाव घेतलं ते शेजारच्या रघू धनावड्याचं. रघूने आपल्या जागेतून शेटच्या गाडीला वाट दिली नव्हती, हा त्याचा जुना गुन्हा.

झडतीला आत्माराम दाढी घोटून निघाले. मोबाईल धरायला पोलीस शिपाई तेजस्वी होती. नव्याने भरती झालेली, नियम पाठ असलेली मुलगी. पंच म्हणून आलेल्या दोघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. गंमत बघायला शेटही आले.

तेजस्वीने मान हलवली, चित्रण सुरू झालं, आणि आत्मारामांचा घसा बसल्यासारखा झाला.

"श्रीयुत रघुनाथ धनावडे," ते म्हणाले, "आपल्या घराची झडती घेण्यासाठी आम्ही आलो आहोत. आपण कृपया समोर उपस्थित राहावे."

रघूला स्वतःचं पूर्ण नाव लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकू येत होतं. तो घामाने भिजला. त्याची बायको तुळसा दारातच रडायला लागली. हवालदार 'मेल्या' म्हणाले असते तर प्रकरण तंबीवर मिटलं असतं. 'आपण' म्हणतात म्हणजे नवरा जन्मठेपेला चालला, असा तिचा हिशोब.

"हवालदार," रघू चाचरत म्हणाला, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

"आमची प्रकृती उत्तम आहे. आपण घाबरू नये."

मग तर रघूचा धीरच सुटला. "पंप नाय वो नेला! पण शिमग्यात होळीला शेटच्या कुंपणाची लाकडं गेली, ती मीच नेलेली!"

"आपण पोलिसांपुढे काही कबूल करू नका," आत्माराम म्हणाले. "ते पुरावा म्हणून धरत नाहीत." उभ्या नोकरीत त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. माणसं कबूल व्हावीत म्हणून तर सरकार आपल्याला पगार देतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हंडे हलवून झाले, भाताची कणगी बघून झाली. पंप नव्हता. तेव्हा इतका वेळ कसाबसा गप्प बसलेले शेट उसळले.

"अहो हवालदार, झडती घेताय की सत्यनारायण घालताय? द्या दोन ठेवून! गेल्या वर्षी माझ्या शब्दावर दिल्या होत्यात तशा!"

आवाज आला तिकडे तेजस्वीने मोबाईल वळवला. नियमच तसा होता. शेटचा उघडा जबडा त्यात नीट आला. गेल्या वर्षी शेटचे नारळ गेले होते तेव्हा आत्मारामांनी रघूच्या कानाखाली खरंच वाजवली होती. त्याची नोंद कुठेच नव्हती. आता झाली.

"तेवढं पुसून टाक गो," अंगणात शेट तेजस्वीला म्हणाले.

"काका, ते वर गेलं."

शेटनी आभाळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पंप सापडला. शेटच्याच मुलाने तो हातखंब्याला दुरुस्तीला टाकला होता आणि घरी न सांगता तो मुंबईला गेला होता.

चित्रण मात्र आपल्या वाटेने गेलं. साहेब ते बघून खूश झाले. अशी अदब जिल्ह्यात कुणाकडे नाही म्हणून सभ्य झडतीचा नमुना दाखवायला आत्मारामांना नेमलं. नव्या शिपायांना ते चित्रण दाखवत, आणि शेट तोंड उघडायच्या आत पडदा बंद करत. तिकडे न्यायदंडाधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत बघून विचारलं, गेल्या वर्षी काय दिलं होतं? चौकशी लागली. त्यामुळे एकाच दिवशी आत्माराम सकाळी एका खोलीत सभ्यता शिकवत होते आणि दुपारी शेजारच्या खोलीत असभ्यतेचा खुलासा देत होते. दोन्हीकडे चहा तोच होता.

साक्षीला रघू आला.

"मारलं होतं का?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मारलं की. पण तवा 'मेल्या' म्हणून हाक तरी मारलीनी. औंदा 'आपण, आपण' केलं, तवा जास्त घाबरलो."

"म्हणजे तक्रार नाही, असं लिहितो."

"तक्रार हाय ना, साहेब," रघू म्हणाला. "ती पण लिवा."

अधिकाऱ्यांना पेन पुन्हा उघडावं लागलं. आत्मारामांची बढती अडली. शिकवणी मात्र चालू राहिली, कारण दुसरं कुणी तितकं सभ्य मिळेना.

साक्ष झाली त्या संध्याकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर दोघं एकाच बाकावर आले. आत्मारामांना रागवायचं होतं. तयारीही झाली होती. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"रघू, कान दुखतो काय रे अजून?"

रघू समोरच्या गाड्यांकडेच बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने मान वळवली.

"ह्या बाजूने बोला, हवालदार. डाव्याने कमी येतं ऐकायला."

आत्माराम उठले आणि त्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसले.