जिथे केळ रुजत नाही

आगाशीची हिरवी वाडी सोडून तुम्ही त्या बर्फाच्या डोंगरात कशाला गेलात, असं लोक मला अजून विचारतात. मी माणूस बघून कारण देते. म्हाताऱ्यांना यांचा दमा सांगते. दमट हवा सोडा, असं डॉक्टर म्हणालेच होते. विरारकडच्या लोकांना पाण्याचं सांगते. मनवेलपाड्यात फ्लॅट घेतलेले आमचे नातेवाईक टँकर आला की जेवणावरून उठून हंडे घेऊन पळायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणाला डास सांगते, कुणाला गर्दी. तिकडे अर्धा डोंगर चालून गेलं तरी एक माणूस भेटत नाही, असं म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा हळहळतो. ही सगळी कारणं खरी आहेत, त्यामुळे मी खोटं बोलते असं कुणी म्हणू शकत नाही. पण त्यातलं एकही माझं नाही. मी गेले ती सूड उगवायला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

माझं माहेर घाटावरचं. लग्न होऊन आगाशीला आले तेव्हा घरात त्यांची आपसातली बोली चालायची, ती मला कळायला वर्ष गेलं. सासूबाई तेवढ्या माझ्याशी सावकाश, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या. वाडीत केळी होत्या, थोडी फुलं होती, पण आमच्या घराचं नाव होतं ते सुकेळ्यांसाठी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरची सुकेळी मात्र सोन्याच्या रंगाची व्हायची आणि पिळली तर मध गळेल अशी. ती कशी करायची ते घरात एकाच बाईला येत असे. नियमच होता तसा. मुलींना शिकवायचं नाही, कारण मुली दुसऱ्याच्या घरी जातात आणि विद्या तिकडे घेऊन जातात. शिकवायचं ते सुनेला. सून कुठे जाते आहे?

आधी अर्थातच मोठ्या जाऊबाईंना विचारलं गेलं. त्या तिथल्याच, शेजारच्या गावातल्या, चांगल्या घरातल्या. पण हे काम दिवाळीपासून पार उन्हाळ्यापर्यंतचं, भर दुपारी मांडवापाशी उभं राहून करायचं. माझा रंग जातो, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग सासूबाईंनी मला हाक मारली, "धाकटे, तू येतेस का गं?" मला रंगाची भीती नव्हती, मुळात घालवायला रंगच नव्हता.

चार हंगाम मी त्यांच्या हाताखाली काढले. कारवीच्या काठ्यांच्या मांडवावर केळी मांडायची, दिवसातून कितीदा तरी उलटायची, ऊन उतरलं की गोळा करून केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची. खरी गोम त्या गुंडाळण्यात आहे. जरा लवकर गुंडाळलं तर आंबतं, जरा उशीर झाला तर लाकूड होतं. ती वेळ घड्याळात बघता येत नाही, केळ्याला दोन बोटांनी एका ठरावीक जागी दाबून कळते. कुठल्या जागी, ते मी इथेही लिहिणार नाही, वाचणाऱ्यांनी आशा धरू नये. पहिली दोन वर्षं सासूबाई माझी बोटं धरून दाबायच्या. पाचव्या वर्षी त्यांनी मांडवाकडे येणंच सोडलं. आता तुझं तू बघ, म्हणाल्या. त्या दिवशी मी इतकी खूश झाले की यांच्या आमटीत दोनदा मीठ घातलं.

आणि मग ते मासिकवाले आले. वसईच्या वाड्यांवर काहीतरी लिहायचं होतं त्यांना, मुंबईहून दोघे जण कॅमेरा घेऊन आलेले. भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, आदल्या दिवशीच घरात सांगून ठेवलं होतं. सकाळी बघते तर जाऊबाई नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून मांडवापाशी उभ्या. मी पहाटे मांडलेली केळी त्या दोन बोटांनी अशा उचलत होत्या, जणू उंदीर शेपटीला धरलाय. मला चहा करायला आत पाठवलं होतं. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, की हे सगळं कोण करतं. भाऊजी म्हणाले, "आमची मोठी सून. घराण्याची विद्या आहे, ती मोठीकडेच जाते. हिला दोन मुलगे, उद्या सुना येतील, पुढे चालेल." मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "हिला एकच मुलगी. हिच्याकडून कुठे जाणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर भाऊजींचा मला तेवढा राग आला नाही, त्यांची लायकी मला आधीच माहीत होती. पाहुणे सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, आजी, तुम्ही शिकवलंत का यांना? सासूबाई ओट्यावर बसून केळी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तशाच निवडत राहिल्या. जिने माझी बोटं धरून मला शिकवलं ती बाई मूग गिळून बसली, आणि मी हातात चहाचे कप घेऊन उभी. पुढे तो फोटो छापून आला. भाऊजींनी तो काचेत घालून दिवाणखान्यात लावला. येता-जाता मला तो दिसायचा, मांडव माझा, केळी माझी आणि मधे नऊवारीतल्या बाईसाहेब.

आमचे हे टेलिफोन खात्यात होते, केंद्र सरकारच्या नोकरीत. हिमाचलात वरच्या अंगाला एक लहानसं एक्स्चेंज होतं, तिथे जायला कुणी तयार होत नसे. हे एकदा जेवताना हसत हसत बोलले, की मागितली तर उद्या बदली मिळेल अशी ही एकच जागा आहे. मी एवढंच विचारलं, तिथे केळ उगवते का? यांना वाटलं मी गंमत करते आहे. दुसऱ्या दिवशी तिकडच्या माणसाला फोनवर विचारून आले. केळ काय, आंबासुद्धा नाही, म्हणाले, सफरचंद आणि देवदार, चार महिने बर्फ. मी म्हटलं, भरा अर्ज.

वसईत कुठेही राहिले असते, अगदी गोखिवऱ्याला खोली घेतली असती, तरी हंगामात बोलावणं आलं असतं. मुंबईला, नाशकाला गेले असते तरी कुणी केळ्यांची पाटी घेऊन दारात उभं राहिलं असतं, चार दिवस ये, म्हणून हातापाया पडलं असतं, आणि मी विरघळले असते. मी स्वतःला ओळखते. म्हणून मला अशी जागा हवी होती जिथे माझ्या हातांना केळ दिसणारच नाही. निघालो तेही दिवाळी झाल्या झाल्या. घरात केळ्यांचे लोंगर टांगलेले, नातेवाइकांना आणि लग्नघरांना सुकेळी देण्याचे शब्द दिलेले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, एवढा हंगाम तरी काढून जा." मी म्हटलं, "कशाला वहिनी? विद्या तर तुमच्याकडे आहे. फोटोसुद्धा आहे." सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

थंडीबद्दल मी तक्रार करणार नाही. नळ गोठायचे, पायांना भेगा पडायच्या, शेगडीपासून उठवत नसे. लेकीची शाळा एका खोलीची आणि सबंध शाळेत वीस मुलं. पहिल्या हिवाळ्यात मी दोन महिने एका परक्या बाईशी बोलले नाही, कारण परकी बाईच नव्हती. पण फेब्रुवारीत आगाशीहून एका चुलतनणंदेचा फोन आला, की पहिला सगळा घाणा आंबला, दुसरा काळा पडला, आणि लग्नघरी भाऊजींना हात जोडून माफी मागावी लागली. मी फोन ठेवला आणि शेवयांची खीर केली. यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, आज सण आहे.

दरवर्षी असंच चाललं. जाऊबाईंनी फोनवर गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं, मग भाऊजींनी दरडावून पाहिलं. मी म्हणायचे, आईंना विचारा की, त्यांनीच शिकवलं ना तुम्हाला. पलीकडून उत्तर यायचं, त्यांना आता काही आठवत नाही, म्हाताऱ्या झाल्या. मला वाटायचं, बरं झालं. आठ वर्षं मी आगाशीला पाऊल टाकलं नाही. हे एकटे जाऊन यायचे. आई विचारत होती तुला, असं यांनी सांगितलं की मी विषय बदलायचे.

आठव्या वर्षी सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "माझ्यावर राग आहे ना, असू दे. पण त्यांचा जीव सुकेळ्यात अडकलाय गं. एक तुकडा मागतात. केळी पिकून तयार आहेत. त्यांना आठवत नाही, मला येत नाही. आता तरी सांग." खोटं कशाला बोलू, माझा हट्ट तिथे संपला. कुठे दाबायचं, कधी गुंडाळायचं, सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, आधी आईंना द्या फोन.

पलीकडे भांडं वाजलं, कुणीतरी खोलीबाहेर गेलं. मग सासूबाई म्हणाल्या, "मी तिला पाणी आणायला पाठवलंय. धाकटे, मला सुकेळं-बिकेळं काही नको. माझं नाव पुढे करून विचारते ती. सांगू नकोस."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला आठवत नाही ना?"

"न आठवायला काय झालं? सगळं आठवतं," त्या म्हणाल्या, आणि कुठल्या बोटाने, कुठल्या जागी, किती दाबायचं ते त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, जसं पहिल्या वर्षी सांगायच्या तसं. "आठ वर्षं रोज विचारते. मी म्हणते, विसरले. मुलगाही ओरडतो. ओरडू दे."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" मी विचारलंच. आठ वर्षं तेच गिळून बसले होते.

"मला त्याच घरात राहायचं होतं गं. जीभ उचलली नाही. चुकलंच माझं. मग म्हटलं, गप्प बसायला नको तिथे बसलो, आता बसायचं तिथे तरी बसू." मग म्हणाल्या, "दर दिवाळीला वाटायचं, तू येशील."

जाऊबाईंची पावलं वाजली असावीत, कारण फोन बंद झाला. आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो. घाटात बर्फाने रस्ता अडला होता, आगाशीला पोचलो तेव्हा वाडीच्या दारात स्मशानातून परतलेली माणसं पांगत होती. मी जिच्यावर डूख धरून डोंगरात जाऊन बसले होते ती बाई त्याच घरात राहून, सगळ्यांची बोलणी खात, एकटी माझा सूड उगवत होती. आणि मी तिला आठ वर्षांत साधं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर जाऊबाई मागल्या दारी माझ्याजवळ येऊन बसल्या. केस पांढरे झाले होते त्यांचे, आवाजात ताठा राहिला नव्हता. "आता तू एकटीच उरलीस," त्या म्हणाल्या. "मला नको, पुढल्या वर्षी सून येईल, तिला शिकव. नाहीतर हे संपलंच." न आलेल्या त्या मुलीने माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. मला ते कळत होतं.

"मला आठवत नाही हो, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी एकदाही संशयाने बघितलं नाही. "सासूबाईंचंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला नाही. सांगितलंही नाही.