कानाच्या पाळीवरचा चिमटा

माझ्या कमरेला परकराच्या नाडीखाली एक काळी खपली होती. ती बघून दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा स्क्रब टायफस आहे." गवतातला बारीक किडा चावतो, चावलेलं कळतही नाही आणि मागाहून ताप चढतो, असं त्यांनी समजावलं. कारधा गावातल्या आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी नुकताच रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, केला होता. नाडी काचली असेल म्हणून ती खपली मी कुणाला दाखवलीच नव्हती, आणि तिथली दाखवायची तरी कुणाला.

त्याआधी घरी नुसत्या तापाच्या गोळ्यांवर दिवस ढकलले होते. धाप लागली तेव्हा माझा नवरा शालिक मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन आला. बीपी पार खाली गेलं होतं. मला आयसीयूत, म्हणजे रोग्यावर सतत नजर ठेवतात त्या खोलीत, नेलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छातीला वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. ताप, नाडी, श्वास, बीपी आणि ऑक्सिजन यांना तिथे व्हायटल्स म्हणतात. जीव कसा चाललाय ते त्यांवरून कळतं. दंडाचा पट्टा तर मधूनमधून असा आवळायचा की मला सासूबाई आठवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजनचा आकडा घसरत गेला आणि मशीन ओरडायला लागलं. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर शालिकला म्हणाले, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर, ठेवावं लागेल, नागपूरला हलवायची तयारी करा. मी सगळं ऐकत होते. माझी पोरगी दहावीला होती. मला मरायचं नव्हतं, आणि हे ओरडून सांगायला अंगात दम नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. ओठ निळे पडलेत का ते त्यांनी आधी बघितलं, जीभ काढायला लावली, मग मनगट धरून माझ्या छातीकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. त्या श्वास मोजत होत्या. सांगून मोजला तर माणूस श्वास बदलतो म्हणे. मग त्यांनी माझा हात उलटा केला.

रोवण्यात दिवसभर चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सोलते. आमच्याकडच्या बाया त्यावर मेंदी थापतात. मी तर नखंसुद्धा सोडली नव्हती. थरावर थर चढवून बोटं काळीकुट्ट केली होती.

"या बोटातून मशीनला काय दिसणार?" बाई म्हणाल्या. चिमटा बोटातून उजेड आरपार पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. माझी बोटं बीपीमुळे गार पडलेली, त्यात हा मेंदीचा लेप. त्यांनी दुसरा चिमटा मागवून कानाच्या पाळीला लावला. पंचाण्णव. मनगटातून रक्त काढून तपासलं, त्यातही ऑक्सिजन पुरेसा निघाला.

"नळी नको. पण बीपी खरंच कमी आहे. ते औषधाने चढलं की आपण जिंकलो."

शालिक जवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तू मेंदी लावून आली, अन् मी नागपूरची गाडी पाहून राहिलो."

मग पट्ट्याची वाट बघणं सुरू झालं. आवळायचा, सुटायचा, आकडा तिथल्या तिथे. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, मग हात जोडले. एका सकाळी सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला, एकशे दहा. बीपी वाढवायचं औषध बंद केलं, तरी तो हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईलाही तो आकडा सांगितला.

तुमच्यापैकी कुणाला गवता-चिखलात काम केल्यावर ताप आला, तर अंगभर खपली शोधा आणि लाज न धरता दाखवा. दवाखान्यात बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आधीच सांगा. मशीनवर विश्वास ठेवा, पण मशीन नीट लागलंय का तेही विचारा. कोणी रागावत नाही.

सुट्टी झाली तेव्हा ऑटोने घरी निघालो. वैनगंगेच्या पुलावर मी ऑटो थांबवायला लावला, उतरले, कठडा धरून छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. शालिक घाबरून मागे धावत आला.

"का झालं?"

"काही नाही. मी जिवंत आहो, थे पाहून राहिली."