साडूंची बंडी

पन्नास ते साठ या दहा वर्षांत आमच्या वर्धा जिल्ह्यात दारू सोडलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. बाकीच्यांनी सोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जिल्ह्यात दारूबंदी होती आणि त्यामुळे कोणी पीतच नव्हते. संध्याकाळी कोणाला चक्कर येई, कोणाचे पित्त उसळे, कोणाला ऊन बाधे, मग भर श्रावण का असेना. साडू मात्र पीत आणि 'पितो' म्हणून सांगत. आमच्या गावात पिणे हा नुसता गुन्हा होता, कबूल करणे ही असभ्यता. पुढे सोडल्यावर 'सोडली' म्हणून सांगत सुटणे तर त्याहून वाईट, कारण ऐकणाऱ्याला आपण अजून सोडलेली नाही हे उगाच आठवते.

साडू एका जिनमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या गिरणीत, कापसाची प्रत ठरवत. चिमटीत बोंडाचा धागा ओढून, डोळे मिटून, हा कापूस कोणत्या शिवारातला ते सांगत. पण संध्याकाळी स्वतःचे घर कोणते ते त्यांना सांगता येत नसे. एकाच ठशाच्या सहा घरांची ती ओळ होती आणि त्यांचे चौथे होते. उरलेल्या पाच घरी ते येऊन-जाऊन असत. एकदा तिसऱ्या घरी निवृत्त हवालदाराच्या पाटावर बसून त्यांनी अर्धी भाकर खाल्ली आणि हवालदारीणबाईंना कौतुकाने विचारले, "आज भाजीले चव आहे, माहेरून शिकून आली का?" भिंतीपलीकडे ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, हे ऐकले. भाकरीचे त्यांना काही वाटले नाही, चवीचे मात्र फार लागले.

नऊ वर्षे ताईंनी हे काढले. मग एका दिवाळीला कारंज्याहून आमचे सासरे संत्र्यांची टोपली घेऊन आले. दिवेलागणीची वेळ. ओट्यावर एकजण आडवा पडला होता, त्याला त्यांनी विचारले, "इथं आमच्या जवायाचं घर कोणतं?" तो उठून बसला आणि म्हणाला, "मीबी तेच शोधून राह्यलो, बाप्पा." सासऱ्यांनी कंदील वर करून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने टोपली कारंज्याला परत गेली आणि तिच्याबरोबर ताईही गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "होळीपर्यंत वाट पाहीन. तोवर वर्ध्यातल्या एकाही बाईच्या तोंडून तुमचं नाव वाईट ऐकू आलं नाई, तं येईन. नाई तं नाई."

साडूंनी त्या दिवसापासून थेंबाला स्पर्श केला नाही. पहिले पंधरा दिवस ते घराची कडी आतून लावून थरथरत बसून होते म्हणतात. म्हणतात, असे मी लिहितो, कारण पाहायला आम्ही कोणी गेलो नव्हतो. सोळाव्या दिवशी ते बाहेर आले आणि गावाचे हाल सुरू झाले. कोणी भेटला की ते त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन "हा" करून दाखवत. देवळात पुजाऱ्याला, टपाल कचेरीत टपालबाबूंना, कोणाला सुटका नसे. टपालबाबू तर पाकिटावर शिक्का मारता मारता "आज जवसाची चटणी" असे सांगू लागले होते. मग साडूंनी माफीची फेरी काढली. आपण पिऊन कोणाकोणाला काय काय बोललो हे त्यांना आठवत नव्हते, म्हणून ते ज्याच्या त्याच्या दारी जाऊन आधी अपराध विचारून घेत आणि मग माफी मागत. आपल्या लोकांची स्मरणशक्ती अशा वेळी फार तल्लख होते. एका किराणा दुकानदाराने आपल्या सख्ख्या भावाने दिलेल्या शिव्यांचीही माफी साडूंकडून मागून घेतली. सगळ्यांत आधी ते माझ्याकडे आले होते. मीही दोन अपराध पदरचे घातले होते.

जुनी संगत सोडा, असे त्यांना सगळ्यांनी सांगितले. जुनी संगत म्हणजे आम्ही तिघे: कचेरीत कारकून असलेला मी, एक मास्तर आणि एक वैद्य. साडूंना ते पटेना. मला म्हणाले, "साडभाऊ, दारू सोडली ते समजलं. माणसं काऊन सोडू? माणसांनी माझं काय घोडं मारलं?" आणि दर रविवारी नालवाडीच्या शेतात, आंब्याखाली आमचे रोडगे असत, तिथे ते पूर्वीसारखेच येत राहिले. गोवऱ्यांवर रोडगे भाजावेत तर त्यांनीच, आणि वांग्याची भाजी करावी तर त्यांनीच. आमचे 'औषध' वैद्यबुवांच्या पिशवीतून निघे. कुठून आले हे कोणी विचारत नसे, साडूही नाही. ते ताकाचा लोटा पुढ्यात घेऊन बसत आणि आम्हांला हसत. एकच पंचाईत होती, त्यांना आता सगळे आठवू लागले होते. मी रंगात येऊन काही किस्सा सुरू केला की ते प्रेमाने म्हणत, "हे तुमी मागच्या ऐतवारी सांगितलं. त्याच्या मागच्याबी. तवा त्यात म्हैस होती, आता गाय झाली." शुद्धीवरच्या माणसाबरोबर प्यायला बसणे किती अवघड असते, हे मला तेव्हा कळले.

ऊन कलले की साडू आम्हांला बैलबंडीत घालत आणि स्वतः बैल हाकत गावात आणत. आधी मास्तर, मग वैद्य, शेवटी मी. बगलेत हात घालून प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत नेत, कडी वाजवत आणि म्हणत, "वहिनी, सांभाळा. भाजी जरा तिखट झालती."

आता बायकांना काय दिसे? नवरा झुलतो आहे, आणि ज्याच्या खांद्यावर झुलतो आहे तो गावातला नावाजलेला दारुड्या. त्याचा "हा" त्यांना कांद्याने झाकलेली लबाडी वाटे. तिघींनी मिळून निकाल दिला की यानेच आमची सोन्यासारखी माणसे बिघडवली. आमच्या घरी तर हा निकाल रोज वाचला जाई. "ताईचा संसार बुडवला, आता माझा बुडवाले निघाले भाऊजी," माझी बायको म्हणे. मी खाटेवरून कण्हत असे. सकाळी ती खोदून विचारी तेव्हा मी म्हणे, "आग्रह फार करतात ते." मास्तरांनी आणि वैद्यांनी आपापल्या घरी हेच सांगितले होते. आम्ही तिघांनी काही ठरवले नव्हते. भित्र्या माणसांना ठरवावे लागत नाही.

संक्रांतीनंतर मोठे मेहुणे कारंज्याहून चौकशीला आले. साडूंना त्याची चिंता नव्हती. "साडभाऊले विचारा," त्यांनीच सांगून पाठवले होते, "दर ऐतवारी माझ्याजवळ बसते तो माणूस." मेहुण्यांनी मास्तरीणबाईंना विचारले, वैद्यीणबाईंना विचारले, माझ्या बायकोला विचारले, आणि शेवटी माझ्या घरी तीळगुळाची पोळी खाता खाता मला म्हणाले, "जवाईबापू, तुमी तं खरं सांगान." खरे सांगायचे तर साडू ताक पितात आणि बाकीचे मी पितो, असे सांगावे लागले असते. माझी कचेरीतली नोकरी होती. कारंज्यात मी गुणी जावई होतो, आणि तो होतो कारण दुसरा तसा नव्हता. मी पोळीवर तूप घेत म्हणालो, "माणूस वाईट नाही हो. पण सवय कुठे जाते?"

दुसऱ्या दिवशी साडू माझ्याकडे आले. माझे उत्तर त्यांच्या कानावर गेलेच होते. मी नजर चुकवली. ते म्हणाले, "तुमची नोकरी आहे. अन् सासऱ्याजवळ आता एकच जवाई उरला, तोबी गेला असता तं म्हाताऱ्यानं काय केलं असतं?" मग उठताना सवयीप्रमाणे त्यांनी "हा" केले. तो कांद्याचा वास मला अजून येतो. मला त्या दिवशी माझी लाज वाटली, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याच बंडीतून घरी आलो.

होळीच्या अगोदरच्या रविवारी ताई स्वतः आल्या. निकाल ऐकून झाला होता, आता डोळ्यांनी पाहून सोक्षमोक्ष लावायचा होता. आमच्याच घरी त्या बसल्या होत्या. दिवेलागणीला बंडी थांबली, कडी वाजली, ताईंनी दार उघडले. दारात साडू आणि त्यांच्या खांद्यावर मी. माझी बायको मागून म्हणाली, "पाह्य, ताई. आता तं पटलं?"  साडू "हा"सुद्धा करायला विसरले.

ताईंनी विचारले, "बाकीचे दोघं कुठं आहे?"

"मास्तर मास्तरच्या घरी. वैद्य वैद्याच्या घरी," साडू म्हणाले, "अन् हे इथं."

 ताई बहिणीकडे वळल्या. "नऊ वर्षं या माणसाले स्वतःचं एक दार सापडलं नाई. आज एका फेऱ्यात तीन दारं सापडली, तीनही दुसऱ्याची. दारू पेलेला कोण आहे, ते तू पाह्य." माझ्या बायकोने पाहिले. मीही उभ्या उभ्या शक्य तितका शहाणा चेहरा करून पाहिला, पण उशीर झाला होता. ताईंनी आपले गाठोडे उचलून बंडीत ठेवले आणि म्हणाल्या, "चला. चौथं सापडते का पाहू." सापडले.

त्या होळीला कारंज्यात रांगोळी साडूंच्या ताटाभोवती होती. माझे ताट नुसतेच होते, आणि पोळीवर तूपही नुसते नावाला. पुढे दोन वर्षांनी मीही सोडली. गुपचूप पीत होतो, म्हणून गुपचूपच सोडावी लागली, त्यामुळे जिल्ह्याच्या हिशेबात सोडलेला माणूस एकच राहिला. कोणी विचारले नाही, कोणी पाठ थोपटली नाही. फक्त साडू ते पंधरा दिवस रोज संध्याकाळी येऊन माझ्या खाटेशी बसत. त्यांच्या पंधरा दिवसांत त्यांच्याजवळ कोणी बसले नव्हते.

आता साडू नाहीत. नालवाडीच्या बाजूला गेलो की तो आंबा दिसतो आणि फार चुकल्याचुकल्यासारखे होते. त्यांच्या माफीच्या फेरीत मी दोन अपराध जास्तीचे लावले होते, माझी स्वतःची माफी मात्र कितीतरी वर्षे राहून गेली. अखेर एकदा गेलो. ते अंगणात बंडीच्या चाकाला वंगण घालत होते. मी म्हणालो, "त्या संक्रांतीला मेहुण्यांसमोर मी जे बोललो..."

"कोणत्या संक्रांतीले?" मान वर न करता ते म्हणाले, "मले नाई आठवत, साडभाऊ."

माझ्या किश्श्यातली म्हैस कोणत्या रविवारी गाय झाली हे ज्यांना आठवत होते, त्यांना ही संक्रांत आठवत नव्हती. दारू सोडल्यापासून साडू एवढे एकदाच खोटे बोलले असतील.  ते म्हणाले, "उभे काऊन? तो वंगणाचा डबा धरजा जरा," आणि चाक पुरे होईपर्यंत मी तो धरून बसलो.