वच्छलाबाईची फिनिशिंग

समुद्रपुरात ब्लाउज शिवावा तर वच्छलाबाईनंच, असं सगळ्या बाया म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यानंच तिचं वाटोळं केलं. "काय फिनिशिंग हाय वो!" एवढं बोलून त्या मेल्या निघून जायच्या. मागं वच्छलाबाई शिवलेलं उसवत बसायची. खांद्याची शिलाई केसभर सरकली, असं तिला वाटायचं. शिवायची, बोटानं चाचपायची, पुन्हा ब्लेडनं उसवायची. शिलाई सरळ आहे हे तिला दिसायचं हो! पण बोटं ऐकतील तर शपथ.

सपनाचं, तिच्या एकुलत्या लेकीचं, लग्न ठरलं तेव्हा तर कहरच झाला. बौद्धाघरचं लग्न, नवरीला पांढरी साडी, पांढरा ब्लाउज. पांढऱ्यावर पांढरा दोरा धड दिसेना, आणि न दिसणारा टाका वच्छलाबाईला वाकडाच वाटे. त्यात मनात एक भलतंच शिरलं. टाका वाकडा पडला तर पोरीचा संसार वाकडा होईल! नवस, शकुन, अपशकुन तिच्या घरात कुणी कधी मानले नव्हते. असलं काही नसतं हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. स्वतःचा इतका राग यायचा की मशीनवर बुक्की हाणायची, आणि पुन्हा ब्लेड उचलायची.

"आई, काऊन उसवून राह्यली? सरळ तं हाय!"

"तुले काय समजते? जाय तिकडं!"

लग्नाच्या आदल्या दिवशी खांद्यावरचं कापड फाटलं. सुईनं भोकं पडून पडून त्यात जीवच उरला नव्हता. सपना आधी रडली, मग भडकली.

"मले तुयाच हातचा पाह्यजे होता! लगन मायं हाय, तुया फिनिशिंगचं नाई!"

तणतणत हिंगणघाटला गेली आणि तयार ब्लाउज घेऊन आली.

मंडपात बुद्धवंदना चालू होती आणि वच्छलाबाईची नजर लेकीच्या खांद्यावर. शिलाई चांगलीच वाकडी होती. वंदना आटोपली तशी ती लेकीजवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात शेजारची सुमित्राबाई पुढं आली आणि नवरीचा खांदा चाचपून ओरडली, "पाहा वो बायाहो! पोरीच्या ब्लाउजले काय फिनिशिंग देल्ली मायनं!"

बाया माना डोलवायला लागल्या. वच्छलाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"डोळे फुटले काय वो तुमचे? बाजारचा हाय थो! वाकडा हाय! तुमाले दिसतच नाई, तं मी जनमभर कोणासाठी उसवत होती?"

सुमित्राबाई मागं सरकली. सपनानं घाईनं आईचा हात धरला. तो सपनाच्याच खांद्यावर होता, आणि नखानं टाका उचकटायला लागला होता.