साळवेकाकांकडचा शास्त्राभ्यास

तीच तीच माणसं दर आठवड्याला एकाच टेबलाभोवती बसायला लागली, की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपले आपण येऊन बसतात. आमच्याकडे तर विषयच असे असायचे, पाप, कृपा, त्रैक्य, पुनरुत्थान, की कितीही गंभीर राहायचं ठरवलं तरी कोणीतरी काहीतरी बोलून जायचंच. कधी उलटही व्हायचं. खिदळत असलेले आम्ही सगळे एकदम गप्प!

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची ही गोष्ट. मी कार्ल्सरूहेला पीएचडी करत होते. साळवेकाका मूळचे नगरचे, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. ते आणि एस्तेरकाकू जर्मनीत येऊन पंचवीसेक वर्षं झालेली. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी मराठीतून शास्त्राभ्यास असायचा. म्हणजे बायबलमधला एखादा भाग वाचायचा, त्यावर बोलायचं, शेवटी प्रार्थना, आणि मग काकूंच्या हातचं जेवण. नेहमीचे आम्ही चौघं. मी, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये असलेला विनयदादा, त्याची बायको शीतल, आणि निखिल.

निखिल म्हणजे निखिल जोशी, कोथरूडचा. माझ्याच युनिव्हर्सिटीत थर्मोडायनॅमिक्समध्ये पीएचडी करणारा. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "काका, मी देवबिव मानत नाही. मी फक्त जेवायला आलोय."

काका म्हणाले, "ये की! प्रभूकडेसुद्धा बरेचसे लोक भाकरीसाठीच यायचे."

*

एकदा विषय त्रैक्याचा होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन, आणि तरीही देव एकच. काकांनी बाह्या सरसावल्या. "आल्झो, तर मग, सोपं आहे. पाणी घ्या. गोठलं की बर्फ, तापलं की वाफ. तीन रूपं, पण पाणी एकच!"

निखिल तोवर शेंगदाणे खात होता. म्हणाला, "काका, नाही चालणार. बर्फ असतो तेव्हा तेच पाणी वाफ नसतं. मग तुमचा देव एका वेळी एकच कोणीतरी होतो."

काकांचा चेहरा पडला. निखिललाच वाईट वाटलं. "पण थांबा! ट्रिपल पॉइंट! ठरावीक तापमान आणि ठरावीक दाब असला ना, की बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकाच भांड्यात एकदम असतात."

काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी निखिलच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसका लागला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यांनी तिथल्या जर्मन पाळकबाईंना गाठून ट्रिपल पॉइंट समजावला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हेर साळवे, फार सुंदर आहे. पण तरीही चूक आहे. भांड्यातला थोडा भाग बर्फ, थोडा पाणी. देवाची अशी वाटणी होत नाही."

काका बरेच दिवस खट्टू होते. शेवटी काकूच पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, देव समजला असता ना, तर तुम्ही त्याचं ड्रॉइंग काढून, खाली सही करून, कपाटात ठेवून दिलं असतं. आणि पुन्हा कधी उघडून बघितलं नसतं!"

*

कृपेवर आम्ही तीन शनिवार बोललो. जे आपण कमावलेलं नसतं, आपली लायकी नसताना मिळतं, ती देवाची कृपा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग विनयदादाच्या जिन्याचं प्रकरण झालं.

त्याच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असायची. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. त्या आठवड्यात पाटी विनयदादाच्या दाराला होती आणि नेमकी त्याची चार वर्षांची मुलगी, शेरॉन, न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये. घरी कोणाला पाटीची शुद्ध नव्हती. पोरगी बरी होऊन घरी आली तेव्हा जिना लखलखत होता आणि पाटी पुढच्या दाराला गेलेली. झाडलं कोणी, तर समोरच्या फ्राउ केलरने. ही तीच बाई, जी आमच्या फोडणीच्या वासाबद्दल तक्रार करायची!

विनयदादाला चैन पडेना. फ्राउ केलरची पाळी आली तशी तो सकाळीच उठून तिचा जिना झाडायला लागला. तिने दार उघडलं.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही आमचा झाडलात ना, म्हणून..."

"ते मी तुम्हाला दिलं होतं. विकलं नव्हतं!"

तिने त्याच्या हातातून झाडू काढून घेतला आणि झाडलेला जिना त्याच्यादेखत पुन्हा वरपासून झाडला.

शनिवारी हे सांगताना आम्ही सगळे हसत होतो. विनयदादा मात्र हसत नव्हता. म्हणाला, "काका, मी पापी आहे हे कबूल करायला मला काहीच जड जात नाही हो. पण नुसतं घ्यायचं आणि गप्प बसायचं, हे फार अवघड आहे."

*

निखिलने एका रविवारी भिंतीत ड्रिल मारायला घेतलं. एक भोक पडतंय तोच शेजारी दारात, जोशीचा जर्मन योशी करत. "हेर योशी! आज रविवार आहे!"

शनिवारी आल्या आल्या त्याने कुरकुर सुरू केली. "काका, विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा तुमच्या देवाने दिली असेल, पण इथे ती शेजारी पाळायला लावतात!"

सगळ्यात जोरात हसला तो विनयदादा. त्याचं सॉफ्टवेअर रिलीज तोंडावर आलं होतं आणि चर्चनंतर बसून काम करायचं म्हणून लॅपटॉप घरी आणलेला. निखिलच्या ते लक्षात होतं.

"विनयदादा, तुमच्या देवाने हे सगळं किती दिवसांत बनवलं?"

"सहा."

"आणि सातव्या दिवशी बग फिक्सिंग?"

"विचार, विचार त्याला!" शीतल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यामागच्या बागेत मला ते तिघं दिसले. विनयदादा शेरॉनच्या मागे धावत होता. त्याचा फोन शीतलच्या पर्समध्ये वाजत होता आणि ती तो ऐकू येत नसल्यासारखी आइस्क्रीम खात होती!

*

त्या हिवाळ्यात विनयदादाची आई जालन्याहून आली. शेरॉनला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर यायचं जर्मनमधून. आजी म्हणायच्या, "बाळा, मराठीत बोल ना माझ्याशी." शेरॉन लाजून आईमागे लपायची. आजी शीतलला म्हणाल्या, "एवढ्या लांबून आले, आणि नात परकीच राहिली गं."

नाताळ जवळ आला. त्या शनिवारचा विषय होता देहधारण, म्हणजे देव माणूस का झाला. काकांनी आठवडाभर तयारी केली होती. पुस्तकांत खुणेच्या चिठ्ठ्या, टेबलावर चष्म्याचं घर, सगळं जय्यत. काकांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"दी हुंड."

आजी गालिच्यावर बसल्या होत्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या खाली बसणं कधीच सोडून दिलेल्या बाई. समोर शेरॉनचं चित्रांचं जर्मन पुस्तक, बोट कुत्र्याच्या चित्रावर.

"डेर हुंड, ओमा! डेर!" शेरॉन आजीचं व्याकरण सुधारत खदखदून हसत होती.

"डेर हुंड," आजी म्हणाल्या. "आणि ही? डेर काट्झं?"

"दी! दी काट्झं!" शेरॉन आता आजीच्या मांडीत जाऊन बसली होती. आणि मग तिने पुस्तकातल्या मांजरावर बोट ठेवून, आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा मराठी शब्द काढला. "मांजल."

काका बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पुस्तक मिटलं. "आजच्यापुरतं एवढंच."

"अहो काका, सुरुवात तरी करा!" शीतल म्हणाली.

"झाली की," काका म्हणाले.

*

फेब्रुवारीत माझे बाबा गेले. नगरला, अचानक, हार्ट अटॅकने. दफन दुसऱ्याच दिवशी. कुठल्याही विमानाने मी वेळेत पोहोचणार नव्हते. सकाळी साळवेकाकांकडे गेले, कारण खोलीत एकटीला बसवत नव्हतं. विनयदादा आणि शीतल रजा टाकून आले. निखिल लॅबमधून तसाच आला.

दफनाच्या वेळी भावाने फोन कबरीपाशी धरला. मला वारा ऐकू आला, थोडं गाणं ऐकू आलं, आणि मग माती पडल्याचा आवाज. फोन कट झाला.

मी म्हटलं, "काका, मला आत्ता पुनरुत्थानावर एक शब्दही ऐकवू नका. मला सगळं पाठ आहे. आत मात्र काहीच नाहीये."

काका उठून चहा ठेवायला गेले. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. मग निखिलने विचारलं, "रूथ, तुझे बाबा एक दिवस उठणार, असं तुम्ही मानता ना?"

"मानते. म्हणजे, मानत होते. आज नाही जमत."

आमच्या शास्त्राभ्यासात निखिलने आजवर प्रत्येक गोष्टीवर शंका काढली होती. मला वाटलं, आताही काढेल.

"मग आजचा दिवस मी मानतो," तो म्हणाला. "तुझ्या वतीने. तू उद्या बघ."

काका चहा घेऊन आले. पहिला कप त्यांनी निखिलपुढे ठेवला.

*

काकूंचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

साळवेकाका-काकूंना एकच मुलगा होता, अमित. आम्ही कोणी त्याला पाहिलं नाही. आम्ही कार्ल्सरूहेला येण्याआधीच तो गेला. सायकलवरून कॉलेजला निघालेला, आणि वळणाऱ्या एका गाडीने त्याला उडवलं. गाडी चालवणारे म्हातारे गृहस्थ होते, हेर ब्रांट. तो दिसलाच नाही, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. शिक्षा झाली, लायसन्स गेलं, केस संपली.

आमच्या अभ्यासाच्या शेवटी आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. तिच्यात एक जागा येते. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. त्या ओळीला काकूंचा आवाज थांबायचा. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. मला आधी वाटलं, खोकला येत असेल. मग एकदा भांडी विसळताना मी विचारलं.

"देवाशी खोटं कसं बोलू गं?" काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांना कधीच आग्रह केला नाही. पाळकबाईंनाही करू दिला नाही.

एका ईस्टरला मी त्यांच्याबरोबर त्यांच्या जर्मन चर्चमध्ये गेले होते. तिथे प्रभुभोजनाला सगळे वेदीभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहायचे. द्राक्षरसाचा एकच मोठा पेला. आपण घोट घ्यायचा, मग शेजाऱ्याकडे वळून "हे तुझ्यासाठी" म्हणायचं आणि पेला त्याच्या हातात द्यायचा. मी त्या दोघांच्या बरोबर समोर उभी होते. काकांनी काकूंना पेला दिला. काकूंनी घोट घेतला आणि पलीकडच्या माणसाकडे वळल्या.

आणि थांबल्या.

त्या माणसाला मी ओळखत नव्हते. पांढरे केस, अंगाला मोठा झालेला कोट. मला कळलं ते काकांचा चेहरा बघून. नंतर समजलं, हेर ब्रांट जवळच्या वृद्धाश्रमात राहायला आले होते आणि त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आले होते. गर्दीत शेजारी कोण उभं आहे, हे दोघांनाही दिसलं नव्हतं. आता त्यांनी काकूंना ओळखलं. ते मागे सरकायला बघत होते, पण मागे बाक होतं.

ऑर्गन वाजायचा थांबला. पाळकबाई जागच्या हलल्या नाहीत. काकू दोन्ही हातांत पेला धरून उभ्या. हेर ब्रांट यांनी हात पुढे केले, मग मागे घेतले, मग पुन्हा पुढे केले.

काकूंनी पेला त्यांच्या हातात दिलाच नाही. एक पाऊल पुढे गेल्या, एक हात त्यांच्या मानेमागे ठेवला, आणि आजारी माणसाला पाजतात तसा पेला त्यांच्या ओठांना लावला. "हे तुझ्यासाठी" म्हणाल्या की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काका हळूच म्हणाले, "एस्तेर?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"अहो, किती थरथरत होते हात त्यांचे," त्या म्हणाल्या. "सांडलं असतं."