सहावीच्या बाकावर

नववीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी सोलापूरला एका निवासी शिबिराला गेले. गणित आणि विज्ञानाचं शिबिर, सहावीपासून दहावीपर्यंतच्या मुलांसाठी. सुट्टीमुळे एका कॉलेजचं वसतिगृह रिकामं होतं, तिथं आमची राहायची सोय केली होती. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावातून अशा ठिकाणी निवड झालेली मी पहिलीच. जायच्या आधी शाळेत नारळ देऊन माझा सत्कार झाला. वडील मेंढरं राखतात, पावसावर थोडी ज्वारी करतात. सत्काराला ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सगळा वेळ मान खाली घालून हसत बसले.

शिबिरात पहिल्याच सकाळी चाचणी घेतली. दुपारी गणिताच्या मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"आपण इथं इयत्तेप्रमाणे बसवत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जिथं कच्चं आहे तिथून सुरू करतो. तू पहिल्या गटात बस."

पहिला गट म्हणजे चांगलाच असणार, असं मला वाटलं. खोलीच्या दारात गेल्यावर कळलं. आत सगळी सहावीची पोरं. बाक कॉलेजचे, त्यामुळे त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते. माझे तेवढे जमिनीला टेकले.

शाळेत माझा कायम पहिला नंबर. पण मी गणितं पाठ करायचे. गाईडमधलं गणित आकड्यांसकट डोक्यात बसवलं की परीक्षेत बहुतेक तेच यायचं. आकडे बदलले असते तर मी तिथंच अडकले असते, पण आमच्याकडं ते कुणी बदलले नाहीत. इथं मॅडमनी विचारलं, पाव मोठा की एक तृतीयांश? मी ताठ उभी राहून सांगितलं, पाव, कारण चार तिनापेक्षा मोठे. कुणी हसलं नाही. शेजारची मुलगी नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं. ती शहरातल्याच विणकर घरातली. घरी फोन करताना तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी. मला अक्का म्हणायची.

माझ्या खोलीतल्या बाकीच्या मुली नववी-दहावीच्या. त्या कुठल्या गटात, मी कुठल्या गटात, हा विषय निघेल असं वाटलं की मी अंघोळीला जायचे. जेवायलाही मुद्दाम उशिरा जायचे. मेसमधली आमटी तोवर गार झालेली असायची.

रविवारी पालकांना भेटायची परवानगी होती. त्या दिवशीही सकाळी दोन तास वर्ग असायचा. मॅडमनी मला फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज सोडवायला उभं केलं आणि त्या खडू आणायला गेल्या. मी छेद सारखे करत होते. मागं वळले तर खिडकीत वडील. टोपी काढून हातात धरलेली, घामानं कपाळ चमकत होतं. मी फळ्यापाशी आणि समोर ओळीनं बसलेली बारकी पोरं, एवढंच त्यांना दिसलं.

वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, "पोरांस्नी शिकवाय लावलंय व्हय तुला? मास्तरीण झालीस की."

मला एका शब्दात सांगता आलं असतं. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

लिंबाच्या झाडाखाली बाकीचे पालक बसले होते. वडील अनोळखी माणसांत सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र अक्कलकोटहून आलेल्या एका गृहस्थांना आणि त्यांच्या शेजारच्यांना त्यांनी आपणहून सांगितलं, "आमची पोरगी ल्हान्या पोरांचा वर्ग घेतीया." ते दोघं कौतुकानं माझ्याकडं बघायला लागले. मी पिशवीतली भाकरी काढत राहिले. कान इतके तापले होते की ऊन कमी वाटत होतं.

जेवण चालू असताना ती शेजारची मुलगी वही घेऊन आली. "अक्का, तुझं सहावं उत्तर काय आलं? माझं चुकलंय."

वडील हसून म्हणाले, "विचार, विचार. बाईच हाय की तुमची."

"बाई नाही, काका," ती म्हणाली. "अक्का आमच्याच गटात आहे. माझ्या बाकावर बसते."

तिच्या मनात काहीच नव्हतं. ती वही घेऊन गेली. वडिलांनी हातातला घास तसाच ठेवला.

"खरं हाय?"

"व्हय."

"का गं?"

"मला अपूर्णांक येत न्हाईत."

"मग पैला नंबर कसा काय येतुया?"

"पाठ करून."

त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "घरी यायचं आसंल तर आत्ताच चल. दुपारची गाडी हाय."

मला जायचंच होतं. पण गेले तर गावात काय सांगायचं, हे मला सुचेना. थांबले तर सोमवारी पुन्हा तोच बाक. मी म्हटलं, "ऱ्हाते."

ते उठले. मला वाटलं, पाणी प्यायला चाललेत. ते त्या दोघा पालकांपुढं जाऊन उभे राहिले. मला तिथून स्पष्ट ऐकू आलं.

"मगाशी मी चुकीचं बोललो. शिकवाय न्हाय, शिकायच बसलीया ती. माझा समज चुकला."

त्यांतले एक जण म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं." वडिलांनी मान हलवली, टोपी नीट केली आणि परत आले. माझं खोटं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, तेही तीन वाक्यांत, परक्या माणसांसमोर. मी मान वर केली नाही. ते गेले तेव्हा मी फाटकापर्यंतही गेले नाही.

पुढचे दिवस मी त्याच बाकावर काढले. छेद सारखे का करायचे ते मला कळलं, मग गुणोत्तर कळलं. समजल्यावर आनंद व्हायचा, आणि लगेच वाटायचं, एवढं तर सहावीच्या पोरांनाही येतं. खोलीतल्या मुलींना शेवटी मीच सांगितलं. एक जण म्हणाली, "आम्हाला माहीत होतं." त्यांनी इतके दिवस विषय काढला नव्हता.

शेवटच्या दिवशी गटवार फोटो होते. आमची पोरं पायऱ्यांवर बसली, मी त्यांच्यात. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. मुलांचा फोटो घ्यायचाय."

"मी पण याच गटातली आहे," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं.

त्यानं मला मागच्या ओळीत कडेला उभं केलं आणि गुडघे वाकवायला सांगितले. फोटोत मी तशी अर्धवट वाकलेली आहे, डोळे खाली. आता मी शहरात एम.एस्सी. करते आहे आणि सुट्टीत घरी गेले की तो फोटो भिंतीवर दिसतो. आईनं लावलाय. कुणी पाहुणा विचारायला लागला की मी अजूनही पाणी आणायला आत जाते. मागं वडिलांचा आवाज ऐकू येतो. ते कुठल्या गटाचा फोटो आहे ते नीट सांगतात, काही न वगळता.