छातीवरची पदकं आणि हेर क्रेमरचं टेबल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते केलरमधल्या सामानासारखे साठतात. इथे जर्मनीत इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची एक खोली असते, ते केलर. आत काय ठेवलंय ते आठवत नाही आणि टाकवतही नाही. मी बत्तीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली शेवटची दहा र्युसेल्सहाइममधून. माझं केलर गच्च भरलंय. त्यातला हा एक कोपरा, आमच्या माजी सैनिकांचा.

दर नोव्हेंबरात एका रविवारी इथे युद्धात मेलेल्यांचा शोकदिन पाळतात. आमच्या शेजारच्या गावच्या दफनभूमीत तीन हिंदी शिपायांची थडगी आहेत. पहिल्या महायुद्धात कैदेत असताना वारलेले. त्या युद्धाला शंभर वर्षं झाली, त्या सुमारास आपल्या मराठी मंडळींनी ठरवलं की आपणही संचलनात जायचं. ब्लेझर, फेटे आणि पदकं!

पदकं म्हटल्यावर माझे कान टवकारले. खोट्या पदकांचा मला मनस्वी राग आहे. आजही आहे.

*

पहिला मान मेजर सरनाईकांचा. फ्रँकफर्टला चाळीस वर्षं किराण्याचं दुकान. त्याआधी सात वर्षं लष्करात, सगळी भांडारात, ब्लँकेटांच्या सहवासात. 'मेजर' ही बढती गिऱ्हाइकांनी दिलेली. पहिल्या वर्षी त्यांच्या छातीवर नऊ पदकं होती.

"मेजर, हे कशाचं?"

"ऑपरेशनचं, ताई."

"कुठलं ऑपरेशन?"

"गोपनीय आहे."

पुढच्या वर्षी अकरा! मी गाठलंच. "मेजर, मधल्या वर्षात कुठे लढून आलात?"

मेजर शांतपणे म्हणाले, "लढाई जुनीच आहे, ताई. डिलिव्हरी आत्ता झाली."

*

दुसरे कुलकर्णी. एश्बॉर्नला आयटी कन्सल्टंट. लष्कराशी संबंध म्हणजे कॉलेजातली एनसीसी, तीही फराळासाठी, असं त्यांची बायकोच सांगते. तरी छातीवर सहा पदकं, एका रांगेत, इस्त्री केल्यासारखी.

"कुलकर्णी, ही कुठली मोहीम?"

"रविवारची."

इथे गावोगावी चालण्याचे कार्यक्रम असतात. दहा किलोमीटर चालायचं, शेवटी वाटाण्याचं सूप प्यायचं आणि पदक घेऊन घरी जायचं. सूप पिणाऱ्या प्रत्येकाला पदक!

"अहो, पण पदक म्हणजे समोर शत्रू लागतो!"

"होता ना," कुलकर्णी म्हणाले. "डावा गुडघा."

*

मेजरांचं अकरावं पदक सगळ्यात मोठं. सोनेरी, बशीएवढं, त्यावर टोपी घातलेला विदूषक आणि विदूषकाच्या टोपीला खरंखुरं घुंगरू. माइन्झच्या बाजूला कार्निव्हलची मंडळं अशी पदकं वाटतात. मेजरांनी त्यांना समोसे पुरवले होते.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दफनभूमी. धुकं. पुष्पचक्र वाहून झालंय, ढोल थांबलाय, दोन मिनिटांची शांतता. मेजर सावधानमध्ये. त्यांना थंडीने हुडहुडी भरली आणि...

छुन. छुन. छुन.

सगळं गाव खाली बघतंय. कुणी हसत नाही. तेवढ्यात मेजरांच्या शेजारची ऐंशीच्या घरातली आजीबाई त्यांच्या छातीकडे निरखून बघते, आणि अख्खं आयुष्य माइन्झच्या कार्निव्हलमध्ये गेलेलं असल्यामुळे तिचा हात आपोआप वर जातो.

"हेलाउ!"

हा तिथला कार्निव्हलचा जयघोष. शोकदिनाच्या शांततेत तो पहिल्यांदाच झाला असावा.

*

आणि तिसरे सुभेदार वाघमारे. अठ्ठावीस वर्षं नोकरी. मुलगा एश्बॉर्नला, म्हणून दर वर्षी शरदात तीन महिने इथे. छाती रिकामी! मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, शौर्यपदक आहे. दाढीच्या सामानाच्या पाऊचमध्ये, ब्लेडांच्या पाकिटाशेजारी.

"कशाबद्दल मिळालं, सुभेदार?"

"पूर आला होता नदीला. आपली पोरं वाहून चालली होती. उडी मारली."

"किती जणांना काढलं?"

"दोन."

मी वहीत लिहिलं. ते थोडं थांबून म्हणाले, "होते तीन."

त्यांची नात सिया, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. तिने विचारलं, "आबा, सगळ्यांना आहे, तुला ऑर्डन का नाही?" ऑर्डन म्हणजे पदक. सुभेदारांनी मला हळूच सांगितलं, "मॅडम, पुढच्या वर्षी लावीन म्हणतो. पोरीला एकदा दिसू दे. मग परत पाऊचमध्ये."

एवढीच त्या माणसाची इच्छा. लक्षात ठेवा, कारण ती मी बुडवली.

*

कशी? घुंगराच्या प्रकारानंतर मी पेटले होते. स्थानिक पेपरात सणसणीत पत्र लिहिलं: हुतात्म्यांच्या थडग्यांसमोर खेळण्यातली पदकं मिरवता, लाज वाटत नाही? तपासणी झालीच पाहिजे! पत्र पहिल्या पानावर आलं. मी चार प्रती घेतल्या.

संचलन भरवणारे हेर क्रेमर, म्हणजे आपले श्रीयुत क्रेमर, निवृत्त सैनिक आणि अतिशय नियमशीर माणूस. पुढच्या नोव्हेंबरात फाटकाशी टेबल. टेबलामागे क्रेमर. प्रत्येक पदकाची उर्कुंडं दाखवायची, म्हणजे सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. नसेल तर पदक खिशात.

मेजर फाइल घेऊन आले. अकरा पदकं, अकरा उर्कुंडं, लॅमिनेट केलेली! पदकं विकणारा दुकानदार प्रमाणपत्र सोबतच पाठवतो. विदूषकाच्या उर्कुंडावर तर कार्निव्हलच्या राजपुत्राची सही होती. क्रेमरनी ती भिंगातून पाहिली. "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. पास!

कुलकर्णींची सहा उर्कुंडं, प्रत्येकावर किलोमीटर लिहिलेले. पास!

मग सुभेदार. छातीवर एकच पदक. शेजारी सिया, नव्या कोटात, आबाचा हात धरून.

"उर्कुंडं?"

कागद गावी, ट्रंकेत होता. त्याला वाळवी लागली. सुभेदारांनी तसं सांगितलं. सियाने भाषांतर केलं, वाळवीला जर्मन शब्द सापडेना म्हणून 'किड्यांनी खाल्ला' म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"लाइडर नाइन," क्रेमर म्हणाले. माफ करा, नाही.

मी टेबलावर हात आपटला. "अहो, हा माणूस पुराच्या नदीत उडी मारून दोन जवान ओढून आणतो, आणि तुम्ही विदूषकाला आत सोडता?"

क्रेमरनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. माझंच पत्र. "आल्झो, बाई, नियम तुमच्या मागणीवरून केलाय. खालची सही तुमचीच ना?"

सही माझीच होती.

सुभेदारांनी पदक काढून खिशात ठेवलं. सियाने हात सोडला नाही, पण दिवसभर काही बोललीही नाही. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

*

त्याच्या पुढचं वर्ष. तेच धुकं, तेच टेबल, तेच क्रेमर. मी या वेळी वही आणलीच नव्हती.

सुभेदार आले. ब्लेझर कडक, फेटा कडक, आणि छातीवर कापडाचा छोटा गोल बिल्ला. त्यावर नारिंगी समुद्रघोडा. जर्मनीतल्या प्रत्येक शेंबड्या पोराच्या पोहण्याच्या चड्डीवर शिवलेला असतो, तोच! पाच-सहा वर्षांची पोरं पोहायला शिकली की तलावावर मिळतो. सियाला सहाव्या वर्षी मिळाला होता.

कुलकर्णी माझ्या कानाशी लागले. "मॅडम, सुभेदारांचं वय किती हो?"

"एकाहत्तर. गप्प बसा."

"उर्कुंडं?" क्रेमरनी हात पुढे केला. चेहरा कोरा.

सुभेदारांनी घडी उलगडून कागद दिला. नाव त्यांचंच. गेल्या महिन्याची तारीख, तलावाचा शिक्का, सही. क्रेमरनी चष्मा लावला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं, "काठावरून पाण्यात उडी मारली. पंचवीस मीटर पोहले. खांद्याएवढ्या पाण्यातून बुडालेली वस्तू हातांनी वर काढली."

रांगेतलं हसू थांबलं. क्रेमरनी शेवटची ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग कागद नीट घडी करून परत दिला आणि सियाला म्हणाले, "आबांना विचार, पाणी फार थंड होतं का?"

सियाने विचारलं. चक्क मराठीत.

"कुठलं?" सुभेदार म्हणाले.

सियाने तेही भाषांतर केलं.

हेर क्रेमर खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि उजवा हात टोपीला नेला.

माझ्या मागे घुंगरू वाजलं. वळून बघितलं तर मेजर सरनाईक एकेक पदक काढून ओव्हरकोटाच्या खिशात टाकत होते.